वाणाच्या ताटलीवरचं नाव

आधी एक स्पष्ट सांगून टाकते. माझे मिस्टर, वसंत ढोबळे, जिवंत आहेत. मी हे लिहिते आहे तेव्हा ते समोरच्या खुर्चीत बसले आहेत, पाठीला दोन उशा आणि कमरेला माझी जुनी ओढणी बांधून, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत आहेत. कॅलेंडर त्यांना फार आवडतं असं काही नाही. त्यांची नजर जिथे टिकते तिथे मी ते टांगलं आहे, एवढंच.

माणूस जिवंत आहे हे लिहून द्यायची पाळी का आली, ते पुढे सांगते. त्यात चूक माझीच होती. पण सगळी माझी नव्हती, हेही सांगणार आहे, कारण गप्प बसणं मला कधी जमलं नाही. सासूबाई म्हणायच्या, "शोभा, तुह्या तोंडाले कुलूप नाही वं." अजूनही नाही.

यांना पीएसपी आहे. पूर्ण नाव प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी. ते न अडखळता म्हणायला मला महिना लागला. मेंदूचा काही भाग हळूहळू झिजत जातो आणि झिजलेलं भरून येत नाही. शास्त्र एवढंच सांगतं. बाकीचं मोबाइलवर सापडतं, पण एकदम सगळं वाचू नका. मी वाचलं, म्हणून सांगते.

ओळ वर चढायला लागली

हे इतवारीच्या बाजारात, भांड्यांच्या ओळीत, एका दुकानाच्या पायरीशी बसून भांड्यांवर नावं टाकायचे. तीस वर्षं. गंज, परात, गडवा, डबे, लग्नाच्या आहेराची अख्खी भांडी. मांडीवर भांडं, हातात मशीनचा पेन, मान खाली. पेन्सिलीने रेघ न मारता सरळ ओळ टाकायचे. आम्ही तेव्हा तिथेच मागच्या गल्लीत भाड्याने राहायचो, त्यामुळे दुपारचा डबा मीच नेऊन द्यायची. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, गिऱ्हाइकाला सांगायचे, "नाव टाकून घ्या ताई, बिननावाचं भांडं पंगतीत गेलं का परत येत नाही."

मग ओळी वर चढायला लागल्या. एक बाई परात घेऊन परत आली. म्हणाली, "ढोबळेभाऊ, हे नाव काहून पहाडावर चढून राहिलं?" सगळे हसले. हेही हसले. नवा चष्मा केला. मग हे भांडं मांडीवरून उचलून छातीशी धरायला लागले. मला वाटलं मान दुखत असेल.

घरी जेवताना हात ताटाच्या बाजूला पडायचा. वरण पॅंटवर. मी रोज बोलायची. "लहान पोट्टं आहे काय तुम्ही? ताटात पाहून जेवा ना." हे म्हणायचे, "पाहून राहिलो ना." मला राग यायचा, की एक तर सांडतात आणि वर खोटं बोलतात. ते खरंच पाहायचा प्रयत्न करत होते. डोळे खाली जात नव्हते. हे मला दोन वर्षांनी कळलं. त्या दोन वर्षांत मी काय काय बोलले ते आठवलं की अजून स्वतःची लाज वाटते.

चष्म्यावर चष्मे झाले. मग मोतीबिंदू निघाला, त्याचं ऑपरेशन झालं. ओळी चढायच्या त्या चढतच राहिल्या. मग पडणं सुरू झालं. आपण अडखळून पुढे पडतो, हात टेकतो. हे सरळ मागे जायचे, उभी फळी सोडून द्यावी तसे. दोनदा डोक्याला टाके पडले. एकाने सांगितलं मणक्यात गॅप आहे, पट्टा लावा. दुसऱ्याने कंपवाताच्या गोळ्या दिल्या. हात तर यांचा इतका स्थिर की नाव टाकावं, कंप कुठून आला? गोळ्यांनी काही फरक पडला नाही, तर डोस वाढवला. बाहेरचं आहे म्हणून निंबू उतरवून झाले. आणि गल्लीतल्या लोकांनी तर निकालच लावला होता, ढोबळे पितो म्हणून. ज्या माणसाने पानसुद्धा खाल्लं नाही तो.

शेवटी यांचं काम सुटलं. आम्ही गावाबाहेर बेसात राहायला आलो, तळमजल्यावर, कारण पायऱ्या उतरणं यांना जमत नव्हतं. मशीन सोबत आणलं.

मयूरीचं लग्न

आता तीन वर्षांपूर्वी ज्यामुळे घर तुटलं ते सांगते.

यांचे मोठे भाऊ उमरेडला राहतात. शाळेत मास्तर होते, रिटायर झाले. वडील लवकर गेले, त्यामुळे यांना त्यांनीच वाढवलं. हे त्यांना दादा म्हणतात, मी मोठे भाऊजी. मयूरी त्यांची एकुलती एक. तिच्या रुखवताच्या सगळ्या भांड्यांवर यांनी नावं टाकली होती, वेळ लागत होता तरी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

लग्न लागलं. नवरा-नवरी मोठ्यांच्या पाया पडत आमच्यापाशी आले. दोघं वाकले. आणि हे ताठ उभे, मान वर, डोळे त्यांच्या डोक्यावरून मागच्या मांडवाच्या खांबाकडे. आशीर्वादाला हात नाही, तोंडातून शब्द नाही. मयूरी वाकलेली. फोटोवाला थांबलेला. मी कोपर मारलं तर हे एक पाऊल मागे गेले. मयूरी उठली तेव्हा तिच्या डोळ्यात पाणी होतं. जावई बिचारा उगाच हसला.

मोठ्या भाऊजींनी सगळ्यांसमोर विचारलं, "कोणता राग काढून राहिला वसंता? मानाच्या टोपी-दुपट्ट्यात काही कमी राहिलं काय?" हे काही बोलले नाहीत. म्हणजे बोलले, पण फार उशिरा, तोवर भाऊजी तोंड फिरवून निघून गेले होते. हे रिकाम्या जागेला म्हणाले, "नाही दादा."

मीसुद्धा घरी येऊन यांनाच बोलले. तोंडावर कसला भाव नाही, हालत नाही, डोळे वटारलेले. आमच्याकडे अशा चेहऱ्याला माज म्हणतात. मीही तेच म्हटलं.

धंतोली

धंतोलीत एका गल्लीत जितके दवाखाने आहेत तितकी गावात घरं नसतात. आम्ही त्यातल्या कितीतरी जिन्यांवर चढलो. निदान झालं ते एका लहानशा केबिनमध्ये. डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढी. आमची मुलगी रायपूरला दिली आहे, तिची आठवण आली. मी पिशवीतून जाड फाइल काढली तर म्हणाली, "ती नंतर. आधी काकांना पाहते."

पेन धरून तिने यांना डावीकडे पाहायला लावलं, उजवीकडे, वर. मग म्हणाली, "काका, आता खाली." पेन खाली गेला. यांच्या भुवया वर गेल्या, कपाळाला आठ्या पडल्या, जीव लावून प्रयत्न करत होते, आणि बुबुळं तिथेच. मग तिने मला विचारलं, "जेवताना सांडतं? जिना उतरताना भीती वाटते? पडतात ते मागेच पडतात ना?" मला वाटलं ही पोरगी आमच्या घरात राहून गेली आहे.

तिने नाव सांगितलं, कागदावर लिहून दिलं. मी विचारलं औषध. ती म्हणाली, "झीज थांबवणारं अजून नाही. पण सांभाळता येतं, पडणं कमी करता येतं." मी तिच्यावरच भडकले. ज्यांनी चुकीचं सांगितलं त्या सगळ्यांना मी हात जोडून आले होते, आणि जिने खरं सांगितलं तिला म्हटलं, मग कशाला एवढं शिकलात. ती उठून यांच्यासाठी स्वतः दार धरून उभी राहिली.

बाहेर बाकावर यवतमाळची, गोंदियाची, वणीची माणसं फाइली मांडीवर घेऊन बसली होती. यांनी बऱ्याच वेळाने मला विचारलं, "डोळे... खराब नाही ना माझे?" मी म्हटलं, "नाही, डोळे चांगले आहेत." हे म्हणाले, "मंग लग्नात... पोरगी दिसली काहून नाही?"

तोवर मला त्या लग्नाचा आणि या आजाराचा संबंध लागला नव्हता. यांना लागला होता.

घरी पोचताच मी उमरेडला फोन केला. सगळं सांगितलं. मोठे भाऊजी म्हणाले, "डोळे आहे अन् खाली पाहता येत नाही? असा कोणता रोग राहते? शोभा, त्याच्या चुकीवर पांघरूण घालू नको." पुन्हा केला तर जाऊबाईंनी उचलला, "ते पूजेत आहे" म्हणाल्या. संध्याकाळी चारला कोणती पूजा? मी कावून गेले. नंतर फोन उचलणंच बंद झालं.

वीसपर्यंत मोजा

आमचं रोजचं रूटीन सांगत बसत नाही, ते ज्याच्या घरी आहे त्याला माहीत आहे. पाणीसुद्धा जाड करून द्यावं लागतं, नाहीतर ठसका लागतो. संडासला नेताना मी समोरून दोन्ही हात धरते आणि स्वतः उलटी चालते. रात्रंदिवस कान त्यांच्या खुर्चीकडे. कधी हे कारण नसताना हसतात, कधी रडतात, आणि दोन्ही वेळा त्यांना स्वतःलाच लाज वाटते. माझ्या कमरेचे हाल झाले आहेत. कधी कधी मी मोरीत जाऊन नळ सोडते आणि रडते. मग तोंड धुऊन बाहेर येते. हे म्हणतात, "पाणी... वाया." इतकं त्यांना सगळं कळतं.

तीन गोष्टींनी मात्र खरंच सोपं झालं. एक, ताट खाली ठेवायचं नाही. स्टुलावर पाट, पाटावर डबा, डब्यावर ताट, थेट छातीपर्यंत. पहिल्या दिवशी असं ताट मांडलं आणि यांनी कढीभात स्वतःच्या हाताने न सांडता खाल्ला. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. दोन वर्षं मी या माणसाला ताट खाली ठेवून शिव्या घातल्या होत्या. दुसरी गोष्ट, पायात चपला नाहीत, मागे घट्ट बसणारे बूट. तिसरी सांगितली ती बोलणं शिकवणाऱ्या मॅडमनी. म्हणाल्या, "काकू, प्रश्न विचारला की मनात वीसपर्यंत मोजा. उत्तर आत तयार असतं, बाहेर यायला वेळ लागतो. तुम्ही मधेच दुसरं बोललात की ते पुसलं जातं."

मी मोजून पाहिलं. सोळाव्याला उत्तर आलं. कितीतरी दिवसांनी आमचं पूर्ण बोलणं झालं, भाजी कोणती करू यावर.

त्याच मॅडमनी दुसरंही सांगितलं. हा आवाज राहणार नाही. आधी बारीक होईल, मग जाईल. किती दिवसांनी ते सांगता येत नाही. आणि हे तर रोज सकाळी एकच विचारायचे, "दादा... येऊन राहिला काय?" मी म्हणायची येतील. तेव्हापासून मला एकच ध्यास लागला, यांचा आवाज आहे तोवर मोठ्या भाऊजींनी एकदा यावं. पाच मिनिटं बसावं आणि वीसपर्यंत मोजावं. यापेक्षा जास्त मी कोणाकडेच काही मागितलं नाही.

जनजागृती

धंतोलीतल्या एका संस्थेने अशा दुर्मिळ आजारांवर जागृतीचा कार्यक्रम ठेवला. आम्हाला बोलावलं. मला वाटलं, चला, पेपरात येईल, भाऊजी वाचतील. मास्तर माणूस, छापलेल्यावर तरी विश्वास ठेवतील.

गेलो. स्टेजला चार पायऱ्या, कठडा नाही. पेशंटला बसायला बिनहाताच्या प्लास्टिकच्या खुर्च्या. ज्यांनी हे मांडलं त्यांनी आधी तो आजार गूगल तरी करायचा. समई, हार, शाल, पाहुण्यांची ओळख, मग ओळख करून देणाऱ्याची ओळख. पाहुणे पाऊण तास बोलले ते सकारात्मक विचारांवर. चालत राहा म्हणाले. समोर बसलेल्या अर्ध्या पेशंटना चालता येत नव्हतं.

मग निवेदिका माइक घेऊन यांच्यापाशी आली. "काका, या आजाराशी झुंजताना तुम्हाला काय वाटतं?" मी मोजायला लागले. नऊला तिने माइक काढून घेतला. "काका भावुक झाले आहेत, टाळ्या होऊन जाऊ द्या." टाळ्या झाल्या. टाळ्यांमध्ये यांनी उत्तर दिलं, ते फक्त मला ऐकू आलं. "पुढच्या वेळी... खुर्ची... हाताची ठेवा." सगळ्या कार्यक्रमातलं एकमेव कामाचं वाक्य, आणि ते कोणी ऐकलं नाही. पेपरात फोटो आला, त्यात पाहुणे समई लावताना.

वाण

संक्रांत जवळ आली तशी माझ्या डोक्यात कल्पना आली. दरवर्षी मी हळदीकुंकवाला स्टीलची छोटी ताटली वाण म्हणून लुटायची. म्हटलं, यंदा त्या ताटलीवरच आजार लिहायचा. भाषण कोणी ऐकत नाही, पण ताटली घरोघरी जाईल, धुताना, पुसताना वाचली जाईल. बायकांच्या हातात गेलेली गोष्ट कुठेही पोचते. आणि एक ताटली उमरेडला जाईल.

मशीन घरात होतंच. हे खुर्चीत, मी समोर पाटावर. यांनी मला शिकवलं. "दाबू नको... चालू दे." माझी अक्षरं थरथरायची, ओळ तर यांच्यापेक्षा वाकडी. ताटली लहान, जागा कमी. त्यात बसवलं ते असं: वर वसंत नामदेव ढोबळे, खाली पीएसपी, त्याच्या खाली मेंदूचा आजार, खाली पाहता येत नाही, आणि कडेला माझा मोबाइल नंबर.

पहिली ताटली झाली तेव्हा यांच्या डोळ्यांसमोर धरली. "कशी वाटते?" हे पाहत राहिले. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मी म्हटलं, "चांगली आहे ना? चांगलीच आहे," आणि उठले. आतून मला यांचं काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं. मी ओ दिली, आलेच म्हटलं, पण गेले नाही. वीसपर्यंत मोजा, वीसपर्यंत मोजा म्हणून मी सगळ्या जगाला शिकवत होते. त्या दिवशी मी पाचपर्यंतही मोजलं नाही.

पंचेचाळीस ताटल्या केल्या. बेसातल्या बायका घरी येऊन घेऊन गेल्या, त्यांना मी तिळगूळ हातात ठेवून सगळं समजावलं, त्यांचा प्रश्न नव्हता. उरलेल्या इतवारीत जुन्या शेजारणींना पाठवल्या, दुकानदाराच्या हाती. आणि एक उमरेडला, ओळखीच्या एका बाईकडे, जाऊबाईंसाठी.

चौथ्या दिवशी पहिला फोन आला. इतवारीची जुनी शेजारीण, रडत होती. "कधी झालं वं शोभा? कळवलंसुद्धा नाही." मी म्हटलं, काय झालं? ती म्हणाली, "ढोबळेभाऊ गेले ना."

मी ताटली हातात घेतली आणि मला दिसलं. आमच्याकडे वाणाच्या भांड्यावर बाईचं नाव असतं, सौभाग्यवती अमुक यांच्याकडून. नुसतं पुरुषाचं नाव टाकलेलं भांडं वाटतात ते तो माणूस गेल्यावर. तेरवीला, वर्षश्राद्धाला. त्याखाली आजाराचं नाव. म्हणजे कशाने गेले ते. पुढचं कोण वाचतं? ज्या माणसाने तीस वर्षं तेरवीच्या भांड्यांवर नावं टाकली त्याच्या बायकोने ही चूक केली.

मी यांना सांगितलं. डोळे मिटून वीस मोजले. हे म्हणाले, "तवाच... सांगितलं ना. 'कडून'... टाक."

मग रांग लागली. तीन वर्षांत ज्यांनी फोन केला नाही त्यांचे फोन. दोन जुन्या शेजारणी डबा घेऊन आल्या, पिठलं-भाकरी, दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. दारात यांना खुर्चीत पाहून एकीच्या हातून डबा पडता पडता राहिला. मी तो घेतला. माझा राग डोक्यात गेला होता. म्हटलं, "तीन वर्षं हा माणूस जिवंत आहे तं कोणी एक भाकर आणली नाही. आता मेला म्हणून आणली काय?" त्या खाली मान घालून उभ्या. मागून यांचा आवाज आला, "पिठलं... दे ना." स्वतःच्या मरणाचं पिठलं यांनी आवडीने खाल्लं, ताट डब्यावर ठेवून. मला हसू आलं, मग त्या दोघींनाही आलं, आणि मग आम्ही तिघी रडलो.

एक फोन मात्र वेगळा होता. हिंगण्याची कोणी सून. म्हणाली, "ताटलीवर लिहिलं ते खरं आहे काय? खाली पाहता येत नाही म्हणून? माझे सासरेही ताटाच्या बाहेर हात टाकते. आम्ही त्याइले म्हातारचळ म्हणून राहिलो." मी तिला धंतोलीचा पत्ता दिला आणि ताट उंच ठेवायला सांगितलं. पंचेचाळीस ताटल्यांतली एक तरी नीट वाचली गेली.

त्यानंतर मी फोन बंद करून ठेवला. सांत्वनाला उत्तरं देऊन माझं तोंड दुखायला लागलं होतं. त्यामुळे उमरेडहून आलेला फोन मला लागला नाही.

मोठे भाऊजी

सकाळी साडेनऊला रिक्षा थांबली. मोठे भाऊजी उतरले, खांद्यावर पांढरा दुपट्टा. मागे जाऊबाई, हातात पिशवी, पिशवीत ती ताटली. भाऊजी तीन वर्षांत दहा वर्षांनी म्हातारे झाले होते. दारातूनच त्यांनी म्हटलं, "शोभा, आमाले आग द्यालेही नाही बोलावलं," आणि मग त्यांना खुर्ची दिसली.

मला वाटलं ते तिथेच पडतात. पडले नाहीत. दुपट्टा सावरत पुढे आले, यांच्या पायाशी खाली बसले आणि यांचे गुडघे धरून रडायला लागले. सत्तरीचा माणूस, आयुष्यभर मुलांना रडू नको सांगणारा. "वसंता, चुकलो गा मी. वसंता, पाह ना इकडे."

हे कॅलेंडरकडे पाहत होते. कपाळाला आठ्या. भुवया वर.

भाऊजींनी मान वर केली, यांचा तो ताठ चेहरा पाहिला आणि हात सोडले. माझ्याकडे वळून म्हणाले, "आताही पाहून नाही राहिला. येवढा राग?"

तीन वर्षांचं माझ्या पोटात साचलं होतं ते सगळं वर आलं. मी ओरडले. मोठ्या दिरांवर, ज्यांच्यासमोर मी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. "उठा भाऊजी, आधी वर उठा. तुम्ही खाली बसले. त्याइले खालचं दिसत नाही. लग्नातही हेच झालं, मी किती वेळा सांगितलं तुमाले, तुम्ही ऐकलं काय? राग नाही हा, रोग आहे. उठा अन् त्याइच्या डोळ्यासमोर या."

जाऊबाईंनी त्यांना उठवलं. भाऊजी वाकून, खुर्चीचे हात धरून, यांच्या चेहऱ्यासमोर आपला चेहरा आणून उभे राहिले. कॅलेंडर झाकलं गेलं. यांच्या डोळ्यात काहीतरी हललं.

"ओळखलं काय गा मले?" भाऊजींनी विचारलं. आणि लगेच, "काही बोलत नाही हा."

"थांबा," मी म्हटलं. "बोलू नका आता. वीसपर्यंत मोजा."

मास्तर माणूस, मोजायला सांगितलं तर मोजायला लागले, ओठ हलत होते. मीही मोजत होते. वीस झाले. काही नाही. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आणखी. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, त्याचा हिशेब राहिला होता, कोणी हललं नाही. यांची जीभ ओठांवर फिरली. आवाज आला तो अगदी बारीक, कागद फाटल्यासारखा.

"दादा... मयूरीले... घेऊन येजो. हात... ठेवाचा राहिला."

भाऊजींनी यांचं कपाळ स्वतःच्या कपाळाला टेकवलं आणि तसेच उभे राहिले, त्यांची पाठ दुखत असणार तरी. मी आत जाऊन चहा टाकला. आज त्याला तीन आठवडे झाले. यांचं बोलणं आता दिवसाला दोन-चार शब्दांवर आलं आहे. मयूरी येत्या रविवारी येते आहे.

त्या दिवशी चहा गाळताना मला खिडकीतून अंगणातले भाऊजी दिसले. मोबाइल कानाला, दुपट्टा खाली लोळतोय, मास्तरी आवाजात पोरीला समजावत होते.

"पाया पडाले वाकू नको. वाकली का दिसतच नाही त्याले. तोंडासमोर सरळ उभी राहाजो. अन् तो लवकर बोलला नाही तं वाट पाहाजो, बोलते तो, उशिरा बोलते." मग ते थांबले, ती काहीतरी विचारत असावी. त्यांनी चष्मा काढून दुपट्ट्याने डोळे पुसले. "नाही वं बाई, तवाही राग नव्हता त्याले. आपल्यालेच माहीत नव्हतं."